पापनाशचे तळे

भूगोलाच्या पुस्तकात तळ्याची व्याख्या एका ओळीत आटोपलेली असते: चोहोबाजूंनी जमिनीने वेढलेला पाण्याचा साठा. व्याख्या बरोबर आहे, आणि परीक्षेत तिला गुणही मिळतात. परंतु तेवढीच पाठ करून जो विद्यार्थी प्रत्यक्ष तळ्याकाठी जाऊन उभा राहील, त्याच्या मनात एक साधा प्रश्न उद्भवल्यावाचून राहणार नाही, आणि तो प्रश्न गणिताचा आहे. बिदर येथे वर्षाकाठी सरासरी ८५० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. तोही बहुतेक सारा जून ते ऑक्टोबर या महिन्यांत. उलटपक्षी आमच्या मुलखातील ऊन आणि वारा मिळून उघड्या पाण्याचा दीड मीटरहून अधिक जाडीचा थर वर्षभरात वाफ करून उडवून नेतात. म्हणजे आकाशाकडून जेवढे येते, त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट आकाशाला परत जाते! केवळ डोक्यावर पडणाऱ्या पावसाच्या भरवशावर राहिले, तर या भागात एकही तळे उन्हाळा पाहू शकणार नाही. तरीही तळी आहेत, आणि त्यांतील काही शतकानुशतके आहेत. मग हे पाणी येते तरी कोठून?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी बिदरजवळच्या पापनाशच्या तळ्यासारखे दुसरे ठिकाण नाही. तळे लहान आहे. नकाशावर त्याचा ठिपका शोधावा लागतो. पण लहान वस्तू नीट पाहिली असता मोठ्या वस्तूंचे नियम कळतात, असा आमचा अनुभव आहे.

बिदर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीच्या एका तांबड्या पठारावर वसलेले आहे. पठाराच्या कडेवर किल्ला उभा आहे, आणि कडा संपली की जमीन मांजरा नदीच्या खोऱ्याकडे उतरत जाते. ही मांजरा बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरात उगम पावते आणि शेवटी गोदावरीस जाऊन मिळते. पठाराच्या कडेने जागोजाग खोलगट घळी पडल्या आहेत. अशाच एका हिरव्या घळीत पापनाश या नावाचे शिवमंदिर असून मंदिराच्या पायथ्याशी हे तळे आहे. लंकेहून अयोध्येस परतताना प्रभू रामचंद्रांनी येथे शिवलिंगाची स्थापना केली, अशी या भागात श्रद्धा आहे. मूळचे प्राचीन मंदिर काळाच्या ओघात नष्ट झाले. आज दिसते ते जुन्या अवशेषांच्या जागी पुन्हा उभारलेले. महाशिवरात्रीस येथे मोठी गर्दी लोटते. भाविक येतात ते देवदर्शनासाठी. परंतु देवाच्या पायाशी जो झरा वाहत येऊन तळ्यात मिळतो, त्याच्याकडे थांबून पाहणारे थोडे.

आता या झऱ्याची कुळकथा सांगावयाची, तर प्रथम दगडाची कथा सांगितली पाहिजे. आम्ही कोकणी बोलणाऱ्या घरात वाढलो. नोकरीनिमित्त प्रथम या बाजूस आलो, तेव्हा मनात काळ्या मातीच्या आणि काळ्या पाषाणाच्या देशाचे चित्र धरून आलो होतो. बिदरच्या किल्ल्याचा तिहेरी खंदक पाहावयास गेलो आणि चकित होऊन उभे राहिलो. समोर अखंड खडकात कोरलेली ती तांबडी, सच्छिद्र, मधाच्या पोळ्यासारखी दिसणारी भिंत म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आमच्या लहानपणच्या घराच्या भिंतीचा जांभा दगड! समुद्रापासून इतक्या दूर तो कसा आला? पुढे वाचनाने उलगडा झाला की, तो कोठून आलेला नाही. तो येथेच झालेला आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस वाहिला आणि थरावर थर साचून काळा पाषाण तयार झाला. पुढे लक्षावधी वर्षे उष्ण आणि दमट हवेने त्या पाषाणाचा वरचा भाग कुजविला. पावसाचे पाणी त्यातील चुना, सिलिका इत्यादी द्रव्ये विरघळवून घेऊन गेले. लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे तेवढी मागे उरली. लोखंडाला गंज चढला म्हणजे जो रंग येतो, तोच या दगडाचा रंग. फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने केरळातील अंगाडीपुरम येथे हा दगड पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विटेस असलेल्या लॅटिन शब्दावरून त्यास ‘लॅटेराइट’ असे नाव दिले. खाणीत असताना मऊ, हत्याराने सहज कापता येणारा, आणि उघड्या हवेत आल्यावर कठीण होणारा हा दगड. विटेची उपमा त्यास शोभते.

बिदरच्या पठारावर या जांभ्याचा थर काही ठिकाणी शंभर फुटांहूनही जाड आहे. वरचा भाग कठीण व भोकाभोकांचा. खाली जावे तसा तो मऊ होत जातो. आणि त्याच्याही तळाशी पांढुरक्या, जांभळट रंगाच्या चिकण मातीचा थर लागतो. त्याखाली मूळचा काळा पाषाण. आता पाहा: वरचा जांभा म्हणजे चाळणी, आणि खालची चिकण माती म्हणजे परात. पठारावर पडलेले पावसाचे पाणी चाळणीतून झिरपत खाली जाते, परातीवर येऊन अडते आणि उताराच्या दिशेने सावकाश सरकू लागते. जेथे पठाराला घळ पडली आहे किंवा कडा तुटली आहे, तेथे परातीची कड उघडी पडते, आणि अडलेले पाणी झरा होऊन बाहेर येते. जुलैत पडलेला थेंब झऱ्याच्या तोंडाशी येईपर्यंत पावसाळा उलटून जातो. म्हणूनच जेव्हा आकाशात ढगाचा मागमूस नसतो, तेव्हाही पठार आपल्या पोटातले साठविलेले पाणी थोडेथोडे देत राहते. आरंभीच्या गणिताचे उत्तर ते हेच: तळ्याचे पाणी तळ्यावर पडत नाही, ते पठारावर पडते.

हे एकट्या पापनाशापुरते नाही. बिदर येथील गुरुद्वारा ‘नानक झिरा साहिब’ या नावाने सर्व देशात प्रसिद्ध आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी गुरू नानकदेव येथे आले असता लोकांची पाण्यावाचून होणारी दैना पाहून त्यांनी गोड्या पाण्याचा झरा प्रकट केला, अशी परंपरा आहे; तो झरा आजही पूज्य मानला जातो. नृसिंह झिरा येथे तर भक्तांस छातीएवढ्या पाण्यातून गुहेत चालत जाऊन देवाचे दर्शन घ्यावे लागते. शीख, वैष्णव, शैव असे तीन पंथांचे तीन देव, आणि तिन्ही ठिकाणी पाणी एकाच दगडाच्या पोटचे! ज्याला येथील लोक झिरा म्हणतात, त्याला मराठीत झरा म्हणतात आणि गोव्याच्या कोकणीत झर म्हणतात. गोव्यात वेर्णे येथील केसरवाळची झर अशीच जांभ्याच्या पठाराच्या अंगाला वाहते. दगड एक, पाण्याची रीत एक, आणि शब्दही जवळजवळ एक.

पठाराच्या पोटातले हे पाणी पूर्वजांनी ओळखले होते, याचा मोठा पुरावा नौबाद येथे आहे. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बहमनी सुलतान अहमदशहा याने आपली राजधानी कलबुर्गीहून बिदरला आणली. राजधानीला पाणी लागते. इराणातून आलेल्या विद्येच्या आधाराने त्या काळी जमिनीखालून एक लांब बोगदा खोदण्यात आला. त्यास ‘करेझ’ म्हणतात. बोगद्यास अत्यंत अल्प उतार दिलेला असून हवा व उजेड यांसाठी आणि गाळ काढण्यासाठी ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडे ठेविलेली आहेत. वाफ होऊन पाणी उडून जाऊ नये म्हणून त्यास उन्हाचे दर्शनच घडू द्यावयाचे नाही, ही त्यातील युक्ती. यंत्र नाही, इंधन नाही. पाणी आपल्याच भाराने वाहते. अशा कामास जमिनीच्या आतील थरांचे ज्ञान किती सूक्ष्म असावे लागले असेल, याचा विचार विद्यार्थ्यांनी करावा.

बिदरहून नैर्ऋत्येस कलबुर्गीकडे उतरू लागले म्हणजे देखावा पालटतो. तांबडे पठार मागे राहते; काळ्या मातीचा, तुरीच्या आणि ज्वारीच्या पिकांचा सखल मुलूख लागतो. येथील पाणी भीमेस व पुढे कृष्णेस जाऊन मिळते. काळी माती पाणी धरून ठेवते, चाळणीसारखे खाली सोडत नाही. म्हणून या बाजूस झऱ्यावर पोसलेली तळी थोडी आणि पावसाळी ओढा बांध घालून अडविलेली तळी फार. कन्नड भाषेत तळ्यास ‘केरे’ म्हणतात. कलबुर्गी शहरातील शरणबसवेश्वर मंदिराजवळचे तळे लोकांच्या तोंडी ‘अप्पन केरे’ म्हणून आहे, आणि बसवकल्याण येथे त्रिपुरांतक तळे आहे. तळी कोणत्याही प्रकारची असोत, एक नियम सर्वांस लागू आहे: तळ्याची हद्द पाण्याच्या काठाशी संपत नाही. ज्या ज्या जमिनीवर पडलेला थेंब शेवटी तळ्यात येतो, ती सारी जमीन तळ्याचीच होय. तिला पाणलोट क्षेत्र म्हणतात.

आता तळ्यातील वनस्पतींकडे वळू. आपल्या भागातील एखाद्या निकोप तळ्याच्या काठावरून आत पाहत गेले, तर वनस्पतींचे पट्टे ओळीने लागतात. ही रचना कोणी माळ्याने केलेली नसते. पाण्याच्या खोलीने केलेली असते.

पहिला पट्टा ओलसर काठाचा. ओढ्यांच्या कडेने या भागात शिंदीची झाडे विपुल. शिवाय करंज, जांभूळ आणि बाभूळ. त्यांच्या पायाशी माका, जमिनीसरपट पसरणारी ब्राह्मी आणि काटेरी तालिमखाना. ब्राह्मी आणि माका यांची तेले आपल्या घरी असतात, पण त्यांची रोपे ओळखणारी मुले आज किती निघतील?

दुसरा पट्टा गुडघाभर पाण्याचा. येथे लव्हाळे आणि पाणकणीस यांचे राज्य. पाणकणसाचा तपकिरी, मखमली दांडा पुष्कळांनी पाहिला असेल. या वनस्पतींची मुळे चिखलात जाळे विणतात. ओढ्याबरोबर आलेला गाळ त्या जाळ्यात अडतो आणि पाणी आत जाते ते निवळ होऊन. तळ्याचा उंबरठा आणि उंबरठ्यावरचा पायपोस, दोन्ही कामे त्या करतात. सुगरण पक्षी अशा जागी आपली घरटी विणतात आणि पाणकोंबड्या त्यांच्या आडोशाने पिले वाढवितात.

तिसऱ्या पट्ट्यात मुळे तळाशी आणि पाने पाण्यावर, असा थाट असतो. कमळ, कुमुद आणि शिंगाडा ही यातील मंडळी. जमिनीवरील झाडांना श्वासोच्छ्वासाची सूक्ष्म छिद्रे बहुधा पानांच्या खालच्या अंगास असतात. परंतु कुमुदाचे पान पाण्यावर पालथे निजलेले, म्हणून त्याची छिद्रे वरच्या अंगास असतात. चिखलातील मुळांना हवा मिळणार कशी? त्यासाठी देठातून आरपार पोकळ नळ्या गेलेल्या असतात. कमळाचा देठ आडवा कापून पाहिला की त्या डोळ्यांनी दिसतात. कमळपत्रावर पाणी ठरत नाही, हा दृष्टांत आपण वाचतो. त्याचे कारण असे की, त्या पानावर मेणाचा लेप असलेले अतिसूक्ष्म उंचवटे असतात. थेंब त्यांच्या टोकांवर अधांतरी राहतो आणि घरंगळताना धूळही बरोबर घेऊन जातो.

चौथा पट्टा सर्वस्वी पाण्याखालचा. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया अशा वनस्पती येथे असतात. आपण त्या सगळ्यांस सरसकट शेवाळ म्हणून मोकळे होतो. पाणीच त्यांना उचलून धरते, म्हणून त्यांचे खोड दुबळे. पाने फितीसारखी पातळ. सूर्यप्रकाशात त्या पाण्यात प्राणवायू सोडतात आणि त्यावर मासे जगतात. व्हॅलिस्नेरियाची फुले जुळून येण्याची तऱ्हा तर अद्भुत आहे. मादीफूल लांब, बारीक देठाने पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येते. नरफुले तळाशी देठावरून सुटतात, बुडबुड्यांसारखी वर येतात आणि नावांप्रमाणे तरंगत मादीफुलास जाऊन भिडतात. काम होताच मादीफुलाचा देठ गुंडाळत जाऊन फळास पाण्याखाली ओढून घेतो.

तळ्याचे उपयोग सांगावयाचे तर पिण्याचे पाणी, गुरांचे पाणी, धुणे, शेती आणि मासे ही नावे कोणीही सांगेल. एक उपयोग मात्र डोळ्यांस दिसत नाही: तळे भरलेले असले की आसपासच्या विहिरींस पाणी राहते. दुसरा उपयोग गाळाचा. उन्हाळ्यात तळे आटले की शेतकरी त्यातील गाळ गाड्या भरून शेतात नेऊन टाकीत. शेतास खत मिळे आणि तळ्याची खोली परत मिळे. एकाच कष्टात दोघांचे भले! हिवाळ्यात उत्तरेकडून चक्रवाक पक्षी दख्खनच्या तळ्यांवर उतरतात; पांढऱ्या कपाळाचे काळे वारकरी पक्षी थव्याने पोहतात आणि टिबुकली बुडी मारून भलतीकडेच वर येते. मुलांसाठी हीदेखील एक शाळाच म्हणावयाची.

आणि आता जे लिहावयाचे, ते लिहिताना लेखणी जड होते. काही दिवसांपूर्वी आम्ही विद्यार्थ्यांसह या भागातील एका तळ्यावर गेलो होतो. त्याचे नाव येथे देत नाही. दुरून ते हिरव्यागार शेतासारखे दिसले. “गुरुजी, यावरून चालत पलीकडे जाता येईल का?” असे एका लहानग्याने निष्पापपणे विचारले. ती जलपर्णी होती. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने लोकांनी देशोदेशी नेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली आणि तेथून सर्वत्र पसरली. अनुकूल पाण्यात अवघ्या दोन आठवड्यांत तिचा पसारा दुप्पट होऊ शकतो. ती पाणी झाकते. प्रकाश खाली जात नाही. चौथ्या पट्ट्यातील वनस्पती मरतात. त्या कुजताना पाण्यातील उरलासुरला प्राणवायू खातात. आणि मग मासे उलटे तरंगू लागतात. परंतु सगळा दोष जलपर्णीस देणे न्यायाचे नाही. सांडपाण्यातून आणि साबणातून येणारी नत्र व स्फुरद यांची द्रव्ये हे तिचे अन्न होय. ते अन्न तिला आपणच वाढतो.

त्याच सहलीहून परतल्यावर एका विद्यार्थिनीच्या आजीबाई आम्हांस म्हणाल्या, “गुरुजी, आम्ही त्या तळ्याचं पाणी कपड्यानं गाळून पीत होतो. आता तिकडून जाताना पदर नाकाला लावावा लागतो.” एवढे बोलून त्या गप्प झाल्या. त्यांच्या एका आयुष्यात जे घडले, ते घडण्यास निसर्गास हजारो वर्षे लागली असती.

घाण तर दिसते तरी. न दिसणारा घाव त्याहून खोल आहे. वर पठारावर घरे, रस्ते, फरसबंद अंगणे वाढत आहेत. चाळणीची भोके बुजली की पाऊस झिरपत नाही. तो गटारांतून वाहून जातो. दुसरीकडे विंधनविहिरी परातीतले साठलेले पाणी आणि त्याखालचेही पाणी उपसत आहेत. चाळणी बुजविली आणि परात उपसली, तर झऱ्याने काय द्यावे? तळ्याकाठी कितीही सुंदर बाग केली आणि दिवे लावले, तरी पठार कोरडे पडल्यास तळे वाचणार नाही. तळ्याचे रक्षण तळ्यापासून दूर, आपल्या अंगणात सुरू होते. या लेखात आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच.

विद्यार्थ्यांनी हे आमच्या शब्दावर मानू नये. स्वतः पडताळून पाहावे. एका पारदर्शक बरणीत तळाशी चिकण मातीचा जाड, दाबलेला थर द्यावा आणि त्यावर जांभ्याचे खडे भरावेत. वरून तांब्याभर पाणी ओतून बरणी किंचित कलती ठेवावी. पाणी कोठे अडते आणि कोणत्या बाजूस सरकते, ते दिसेल. मग खड्यांवर ओल्या मातीचा थर थापून पुन्हा पाणी ओतावे. गावे वाढली म्हणजे झरे का आटतात, हे समजावयास दुसऱ्या गुरुजींची गरज पडणार नाही. दुसरा प्रयोग त्याहून सोपा: पाण्याच्या पेल्यात हायड्रिलाची एक डहाळी घालून पेला उन्हात ठेवावा. थोड्याच वेळात डहाळीवरून बारीक बुडबुडे वर येऊ लागतील. ते बुडबुडे म्हणजे तळ्याचा श्वास.

याशिवाय प्रत्येकास करता येण्याजोग्या गोष्टी आहेत. छपरावरचे पाणी गटारात न सोडता अंगणातील शोषखड्ड्यात सोडावे. गणेशमूर्ती शाडूच्या मातीची आणावी आणि तिचे विसर्जन घरी बादलीत किंवा वेगळ्या हौदात करावे. आपल्या गावच्या तळ्याची पातळी महिन्यातून एकदा खुणेच्या दगडावर मोजून वहीत टिपावी. दहा वर्षांनी ती वही कोणत्याही ग्रंथाइतकी मोलाची ठरेल.

पापनाश या शब्दाचा अर्थ पाप नाहीसे करणारे. पाण्यात बुडी मारली की पाप धुऊन जाते, अशी आपल्या लोकांची श्रद्धा. श्रद्धेविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. परंतु ज्या पाण्याने आपले पाप धुवावे अशी आपली इच्छा, त्या पाण्याशीच आपण जे वागतो ते कोणत्या तळ्यात धुवावयाचे, याचा विचार ज्याने त्याने महाशिवरात्रीच्या दिवशी घाटावर उभे राहून करावा. झरा अद्याप वाहतो आहे. तो वाहता ठेवणे आता तुमच्या पिढीच्या हाती आहे.